मिनिटाला एकेचाळीस शब्द

लिहिता-वाचता आणि आकडेमोड करता आली, की माणसाला बाकीचं सगळं आपोआप येतं, असं मी गेली वीस वर्षं ठामपणे सांगत आलो आहे. शाळेच्या पालकसभेतही मी हेच सांगितलं, आणि उभं राहून सांगितलं. "हस्तकला, भूगोल, गाणं, सगळं ठीक आहे, पण आधी पाया," असं म्हणून मी मुख्याध्यापिकाबाईंच्या ठरावाला अनुमोदन दिलं, तेव्हा टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर 'वा' म्हटलं. त्यानंतर सोळाव्या दिवशी माझी एकुलती एक कन्या, इयत्ता चौथी, त्याच पायात जाऊन बसली.

ठराव तसा साधा होता. मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना वाचन आणि गणित. मधल्या सुट्टीनंतर वर्गाचे दोन गट. ज्यांना मिनिटाला पंचेचाळीस शब्द वाचता येतात ते 'विस्तार' गटात. त्यांना हस्तकला, विज्ञान, भूगोल, गाणं, थोडक्यात जगातल्या उरलेल्या सगळ्या गोष्टी. ज्यांना तेवढं वाचता येत नाही ते 'पाया' गटात. त्यांना पुन्हा वाचन आणि गणित. मला हे फार न्याय्य वाटलं होतं. दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत मला पुष्कळ गोष्टी न्याय्य वाटतात.

कन्येनं दप्तरातून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. 'गणित: समाधानकारक. वाचन: मिनिटाला ४१ शब्द. गट: पाया. पालकांची सही.'

"चार शब्द?" मी म्हटलं. "चार शब्दांसाठी?"

"बाबा, सही कर ना. उद्या द्यायचीय."

"आणि तुझी ती टाकी?"

टाकीचं सांगायला हवं. चौथीचा वर्ग हस्तकलेच्या तासाला पुठ्ठ्याचं एक अख्खं गाव तयार करत होता. कुणाकडे पूल, कुणाकडे दवाखाना, कुणाकडे बसचा थांबा. आमच्याकडे पाण्याची टाकी. गेले पंधरा दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा, फुटपट्टी आणि कागदाच्या सुरळ्यांचे चार पाय पडलेले होते, आणि आम्ही तिघं मांडीवर ताटं घेऊन जेवत होतो. पाया गटात गेलेल्या मुलाचं काम दुसऱ्याला द्यायचं, असा नियम होता. कन्येनं कात्री उचलली, खणात ठेवली आणि खण नीट बंद केला. आमच्या घरात खण कुणीच कधी बंद करत नाही, म्हणून मला ते लागलं.

इथे माझ्या व्यवसायाबद्दल सांगणं भाग आहे. मी विमा कंपनीत दावे तपासतो. एखाद्यानं भिंत पडली असं कळवलं, की ती कधी पडली हे मी विचारत नाही. आधी भिंत होती का, हे विचारतो. लोकांना वाटतं संशय हा माझा स्वभाव आहे. तो स्वभाव नाही, नोकरी आहे. फक्त नोकरी संध्याकाळी साडेपाचला सुटते आणि संशय माझ्याबरोबर घरी येतो. बायकोच्या मते मी भाजीतलं मीठसुद्धा आधी पुरावा मागून मग चाखतो.

तेव्हा दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेलो.

"वेळ कशावर मोजली?" मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं.

"घड्याळावर."

"कुठल्या?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर एक मोठं गोल घड्याळ होतं.

"बाई, यात पावणेतीन वाजलेत. आत्ता सकाळचे दहा आहेत."

"वाजले किती, याचा इथे संबंध नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "मिनिट हे मिनिटच असतं."

ज्या वाक्यात खोट सापडत नाही, त्याचा मला जास्तच संशय येतो. मी खुर्चीवरून न उठता तीन मिनिटं ते घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बाईंनी तेवढ्या वेळात दोन रजिस्टरं तपासली आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. घड्याळ बरोबर चालत होतं. वेळ चुकीची असून चाल बरोबर, असली केस मी नोकरीतही पाहिली नव्हती.

"पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस," बाई म्हणाल्या. "आज तुमच्यासाठी चार शब्द सोडले, तर उद्या आणखी कुणी सहा मागेल. शिवाय ठरावाला अनुमोदन तुमचंच आहे. फार छान बोललात त्या दिवशी. येत्या दहा तारखेला सगळ्यांची पुन्हा चाचणी आहे. त्यानंतर गट वर्षभरासाठी पक्के. तोपर्यंत टाकीचं काय ते हस्तकलेच्या सरांना विचारा."

हस्तकलेच्या सरांना मुलं डिंकसर म्हणतात. त्यांनी हात पुढे केला, मी हातात घेतला, आणि तो लगेच सुटेना तेव्हा नावाचं कारण मला कळलं. त्यांच्या खोलीत मधोमध एका मोठ्या फळीवर ते पुठ्ठ्याचं गाव उभं होतं. पूल होता, थांबा होता, दवाखान्याला खिडक्या होत्या. एका कोपऱ्यात पेन्सिलीनं चौकोन काढून आत 'टाकी' असं लिहिलं होतं.

"दहा तारखेपर्यंत मी ती जागा राखून ठेवतो," डिंकसर म्हणाले. "त्यानंतर मात्र द्यावी लागेल. गावात पाणी नाही म्हटल्यावर कसं चालायचं? पण खरं सांगू का, तुमच्या मुलीनं त्या चार पायांची मापं स्वतः काढली हो. कागदाच्या लांबीला चारानं भागलं, उरलेलं कापून बाजूला ठेवलं. आता मधल्या सुट्टीनंतर वरच्या मजल्यावर बाई तिला भागाकार शिकवतायत. त्याच वेळी खाली मी भागाकार करायला लावतोय. दोन्ही एकाच तासाला, म्हणून तिला खाली येता येत नाही."

हे मला इतकं पटलं, की मी लगेच सावध झालो. हस्तकलेच्या माणसाला आपला तास टिकायला हवाच असतो. मी त्यांचं बोलणं ऐकून घेतलं, त्यावर विश्वास ठेवला नाही आणि हात सोडवून घेऊन निघालो.

संध्याकाळी जिन्यातच वरच्या मजल्यावरचे काका भेटले. काका कुठल्याशा कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. कुठल्या ते ते सांगत नाहीत, पण हयातभर त्यांनी लोकांचे अर्ज फेटाळले, एवढं ते अभिमानानं सांगतात.

"अर्ज करा," काका म्हणाले. "पण एका पानाचा करू नका. एका पानाचा अर्ज माणूस उभ्या उभ्या वाचतो आणि नाही म्हणतो. तीन पानांचा असला की त्याला बसावं लागतं. बसलेला माणूस सहसा लगेच नाही म्हणत नाही."

"पण लिहू काय?"

"काहीही लिहा. विषय मात्र वर नीट लिहा. मी हजारो अर्ज फेटाळले, पण विषय न वाचता एकही फेटाळला नाही."

तेवढ्यात समोरच्या वहिनी दार उघडून बाहेर आल्या. जिन्यात दोन माणसं बोलताना दिसली, की वहिनींना केरसुणी आपटायची आठवण होते. त्यांना दोन मुली. थोरली सातवीत, धाकटी आमच्या कन्येच्या वर्गात.

"ऐकलं मी," वहिनी म्हणाल्या. "वाईट वाटलं हो. आमची धाकटी अठ्ठ्याहत्तर."

"किती?"

"अठ्ठ्याहत्तर. मिनिटाला. थोरलीचे पण अठ्ठ्याहत्तरच होते चौथीत. आमच्याकडे वाचनाची आवडच आहे." एवढं बोलून वहिनींनी केरसुणी आपटली आणि दार लावून घेतलं.

अठ्ठ्याहत्तर. मी स्वतः रोज आठ तास वाचतो, तेही बारीक अक्षरातल्या अटी. मी घरात जाऊन मोबाईलवर वेळ लावून एक मिनिट वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं. माझे एकशे चार झाले, पण त्यात दोन वेळा श्वास अडकला. आणि दोन सख्ख्या बहिणी, वयात तीन वर्षांचं अंतर, दोघींचे बरोबर अठ्ठ्याहत्तर? आमच्या कार्यालयात दोन वेगवेगळ्या आगींत बरोबर तेवढीच खुर्च्या-टेबलं जळाली, की आम्ही फाईलवर लाल खूण करतो.

रविवारी सकाळी धाकटी कन्येकडे खेळायला आली. मी तिला बिस्किट दिलं आणि पुड्याचं वेष्टन हातात ठेवलं.

"वाच बघू काय लिहिलंय."

तिनं वेष्टन उलटसुलट केलं. "ग... गव्हा... गव्हाचे... पी... काका, हे बिस्किटाचं आहे."

"ते मलाही माहीत आहे. बरं, शाळेतल्या चाचणीत काय होतं?"

"बदक!" धाकटीचे डोळे चमकले. ती ताठ उभी राहिली, हात मागे घेतले आणि समोरच्या कपाटाकडे पाहत एका दमात सुरू झाली, "तळ्यात एक बदक होतं बदक पांढरं होतं बदकाला तीन पिल्लं होती एक दिवस बदक पिल्लांना म्हणालं चला आपण दूर जाऊ कृपया पान उलटा पिल्लं म्हणाली आई दूर म्हणजे किती दूर—"

"थांब, थांब. पिल्लांच्या आधी काय म्हणालीस?"

"कृपया पान उलटा."

"ते कुणी म्हटलं? बदकानं?"

धाकटीनं विचार केला. "हो," ती म्हणाली.

मला अत्यानंद झाला. हा आनंद दावे तपासणाऱ्यालाच कळेल. मी त्याच दिवशी खाली आवारात खेळणाऱ्या आणखी चार मुलांना गाठून बदक ऐकलं. चौघांनी ते धडाधड म्हणून दाखवलं आणि चौघांचंही बदक योग्य जागी 'कृपया पान उलटा' म्हणालं. उलगडा सोपा होता. शाळेत वाचनाचा उतारा गेली कित्येक वर्षं तोच होता. थोरल्याकडून धाकट्याला, ताईकडून भावाला, वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्याला, असं ते बदक अख्ख्या वसाहतीत पोहोचलं होतं. आमच्या कन्येला मोठं भावंड नाही. तिच्यापर्यंत बदक आलंच नव्हतं.

मी घरी येऊन कन्येला समोर बसवलं.

"चाचणीत 'कृपया पान उलटा' आल्यावर तू काय केलंस?"

"पान उलटलं."

"लगेच उलटलं?"

"लगेच नाही. ते चिकटलेलं होतं. बाईंनी नख घालून सोडवून दिलं."

त्या पुस्तकाचं ते पान कित्येक वर्षांत कुणी उलटलंच नव्हतं. माझ्या मुलीचे चार शब्द तिथे गेले होते. अख्ख्या वर्गात वाचणारी एकटीच होती आणि तीच नापास झाली होती. मी खोलीत येरझारा घालू लागलो. बायको माझ्या येरझारा ओळखते. तिनं टेबलावरचे टाकीचे पाय आधी उचलून बाजूला ठेवले.

"मग झालं तर," ती म्हणाली. "दहा तारखेला सहा दिवस आहेत. धाकटीला बोलवा, हिलाही बदक पाठ करून द्या, आणि विषय संपवा."

"पाठ करून? म्हणजे फसवणूक करू?"

"अहो, सगळी शाळा करतेय."

"म्हणूनच!"

"बाबा," कन्या मध्येच म्हणाली, "मला आता बदक येतं जवळजवळ. धाकटी हल्ली मधल्या सुट्टीत म्हणत असते. मी पाठ करते ना. मग टाकी मलाच मिळेल."

त्यावर मी तिला पंधरा मिनिटं तत्त्व म्हणजे काय ते समजावून सांगितलं. खरं वाचणं आणि वाचल्यासारखं दाखवणं यातला फरक, माणसाचा कणा, पुढच्या पिढ्या, वगैरे. मी फार चांगलं बोललो. कन्येनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण टाकी मिळेल ना?"

"नक्की मिळेल," मी म्हटलं. "आणि मानानं मिळेल."

बायकोनं माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी कार्यालयात दावेदारांकडे पाहतो.

अर्ज साडेतीन पानांचा झाला. विषय लिहायलाच दोन ओळी लागल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी बसून वाचला. काकांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरलं. वाचून झाल्यावर बाईंनी खोलीचं दार लावलं.

"तुम्हाला नेमकं काय हवंय? मुलीला विस्तार गट? मी बघते काहीतरी. पान चिकटलं होतं, त्याचे चार शब्द धरता येतील."

त्या क्षणी विषय संपत होता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण समोरचा माणूस पहिल्याच बैठकीत तडजोडीला तयार झाला, की त्याच्याकडे लपवण्यासारखं बरंच काही आहे, हे मला नोकरीनं शिकवलं आहे.

"मला मेहेरबानी नको," मी म्हटलं. "नवा उतारा हवा. बाहेरचे परीक्षक हवेत."

"एका मुलीसाठी बाहेरचे परीक्षक येत नाहीत. अख्ख्या वर्गासाठी येतात. त्याला शिक्षण कार्यालयाची परवानगी लागते." बाईंनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "आणि परवानगी शाळा मागू शकत नाही. तक्रारदारानं मागायची असते."

शिक्षण कार्यालयात पहिल्या खिडकीवर छापील नमुना मिळाला. 'तक्रारीचं स्वरूप' या रकान्यात चार पर्याय होते: गणवेश, शिक्षा, स्वच्छतागृह, इतर. मी 'इतर'पुढे खूण केली. दुसऱ्या खिडकीवरच्या माणसानं 'इतर' पाहून नमुना परत केला. 'इतर'साठी वेगळा नमुना होता. तो पहिल्या खिडकीवर मिळत होता. पहिली खिडकी जेवायला गेली होती. अशा रीतीनं माझी आणखी दीड दिवसाची रजा गेली आणि मग मला एका अधिकाऱ्यांपुढे बसवण्यात आलं. ते गृहस्थ चष्मा कपाळावर ठेवून वाचत होते.

"चौथीचा वर्ग, अडतीस मुलं, त्यातली पस्तीस अस्खलित वाचणारी," ते शाळेच्या अहवालावर बोट फिरवत म्हणाले. "उत्तम निकाल आहे. मग तुमची तक्रार काय, मुलांना वाचता येतं ही?"

"नाही साहेब. मुलांना वाचता येत नाही ही."

"पण येतंय की. इथे लिहिलंय."

"ते पाठ आहे."

"पाठ आहे म्हणजे येतंच ना?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला नीट न्याहाळलं. "तुमची मुलगी कुठल्या गटात?"

मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी चांगलं ओळखतो. हरलेल्या माणसाचा दावा आला, की माझ्याही चेहऱ्यावर तेच उमटतं. मी तिथल्या तिथे उभं राहून 'तळ्यात एक बदक होतं' पासून 'कृपया पान उलटा' पर्यंत सगळं म्हणून दाखवलं. खोलीतल्या चार टेबलांवरचं काम थांबलं. कोपऱ्यातल्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं बाई, आमच्या पोराला पण हेच येतं!" साहेबांनी कागदावर सही केली.

दहा तारखेला बाहेरच्या परीक्षकबाई आल्या. दोन मोजणीची घड्याळं, मोहोरबंद पाकिटात नवा उतारा. मला आत बसू दिलं नाही. दाराबाहेर पहिलीच्या मुलांचं एक बुटकं बाक होतं, त्यावर मी गुडघे हनुवटीला लावून बसलो. तक्रारदार म्हणून माझा तेवढा हक्क आहे, असं मी लेखी मिळवलं होतं.

नवा उतारा शेळीचा होता. धाकटी आत गेली. आवाज स्पष्ट ऐकू आला.

"तळ्यात एक शेळी होती," धाकटी म्हणाली, "शेळी पांढरी होती शेळीला तीन पिल्लं होती—"

"बाळ, कागदाकडे बघ," परीक्षकबाई म्हणाल्या. "शेळी डोंगरावर आहे."

मग धाकटी एकेक अक्षर लावत राहिली. तो वेळ मला जितका सुखाचा वाटायला हवा होता तितका वाटला नाही. दारातून बाहेर पडताना धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं नेहमीसारखं काका म्हटलं नाही.

एकामागून एक मुलं आत गेली आणि शेळीनं त्यांना डोंगरावरून खाली पाठवलं. एकवीस, सव्वीस, एकोणीस. मग आमची कन्या गेली. ती अडखळत, पण एकेक शब्द पाहून वाचत होती. मी बाहेर बाकावर बोटं मोजत होतो. परीक्षकबाईंनी आकडा मोठ्यानं सांगितला.

"एकेचाळीस."

पुन्हा एकेचाळीस. बदक असो, शेळी असो, पान चिकटलेलं असो की मोकळं, माझी मुलगी मिनिटाला एकेचाळीस शब्द वाचते. पानाबद्दलचा माझा सिद्धांत तिथेच कोसळला, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि मी ते वेधलंही नाही. अख्ख्या वर्गात ज्याचा आकडा बदलला नाही असं ते एकच मूल होतं. वर्गात तिचा दुसरा क्रमांक आला. पहिल्या मुलाचे त्रेचाळीस.

म्हणजे पंचेचाळीसच्या वर कुणीच नव्हतं.

बाईंनी दुसऱ्या दिवशी सूचना लावली. विस्तार गटात एकही विद्यार्थी नसल्यामुळे विस्तार गटाचं वेळापत्रक वर्षअखेरपर्यंत रद्द. हस्तकला, विज्ञान, भूगोल, गाणं, सगळं बंद. मधल्या सुट्टीनंतर अडतीसच्या अडतीस मुलांना वाचन आणि गणित. डिंकसरांकडे वाचनाचे तास देण्यात आले. ते सरळ गृहस्थ, पहिल्याच दिवशी बाईंकडे जाऊन म्हणाले, "फळ्यावर काय लिहायचं तेवढं मला लिहून द्या."

वसाहतीत माझ्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी जिना उतरू लागलो, की चढणारे लोक मध्येच थांबून चपला तपासत. वहिनींनी एकदाच दार उघडलं.

"झालं समाधान?" त्या म्हणाल्या. "आमची मुलगी घरात कुणाशी बोलत नाही. थोरलीला विचारते, ताई तुलापण वाचता येत नाही का गं? थोरली काय सांगणार?"

"वहिनी, पण खरं ते—"

"खरंच ना. ठेवा मग ते तुमच्यापाशी." त्यांनी दार लावलं. केरसुणी आपटली नाही.

काका मात्र आपणहून घरी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मंजूर झालेला अर्ज मी आयुष्यात पहिल्यांदाच जवळून पाहिला. भयंकर प्रकार आहे."

कन्या सूचना लागली त्या दिवशी शाळेतून आली ती दप्तर न काढताच खुर्चीवर बसली.

"टाकी दुसऱ्या कुणाला दिली का?" मी विचारलं.

"नाही. कुणालाच नाही दिली. सरांनी सगळं उचलून कपाटावर ठेवलं. वर जुनं पोस्टर टाकलंय."

"मग तुझी जागा गेली नाही ना कुणाला?"

"बाबा, गावच बंद झालं." तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. "सगळे म्हणतात, तुझ्या बाबांनी बंद केलं. मी म्हटलं, त्यांनी नाही केलं, त्यांनी फक्त अर्ज केला."

बायको स्वयंपाकघरात होती. तिनं माझा चहा गाळला आणि ओट्यावरच ठेवला. आमच्या घरात यापेक्षा मोठा ठपका नसतो.

मी टेबलापाशी गेलो. टाकीचे चार पाय अजून तिथेच होते. कुणीतरी ते उंचीप्रमाणे लावून ठेवले होते, पण उंची सारखीच असल्यामुळे त्याला तसा अर्थ नव्हता. मी म्हटलं, आपण दोघं मिळून घरीच पूर्ण करू. कन्या म्हणाली, "घरात कुठे ठेवणार? ती गावाच्या मापाची आहे." तिचं बरोबर होतं. मी फुटपट्टी घेऊन मोजूनही पाहिलं. आम्ही त्या आठवड्यापासून पुन्हा टेबलावर ताटं मांडून जेवू लागलो. हे मला जितकं सोयीचं व्हायला हवं होतं, तितकं झालं नाही.

तीन आठवड्यांनी शिक्षण कार्यालयाचं जाड पाकीट आलं. माझ्या जागरूकतेबद्दल आभार मानले होते. माझ्या तक्रारीवरून सर्व शाळांत नवा उतारा लागू केल्याचं कळवलं होतं, तक्रार निकाली काढल्याची नोंद होती आणि ज्या परिपत्रकाच्या आधारे दोन गटांची योजना सुरू झाली, त्याची प्रत सोबत जोडली होती. एवढा जाड कागद फुकट कुणी पाठवत नाही, असा मला संशय आला, म्हणून मी खुर्ची उजेडाकडे ओढून ते परिपत्रक पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

दुसऱ्या पानावर, अगदी बारीक अक्षरात, तक्ता होता. विस्तार गटासाठी वाचनाची किमान गती, मिनिटाला शब्द. इयत्ता तिसरी: तीस. इयत्ता चौथी: चाळीस. इयत्ता पाचवी: पंचेचाळीस.

कन्या चौथीत आहे.